दिल्ली दरवाज्यावरचा पक्षी

मराठीत ज्याला आपण गरीब म्हणतो, तो बहमनी दरबारात बहुधा श्रीमंत असे. अरबी मुळाप्रमाणे ‘गरीब’ म्हणजे परका, स्वतःचा मुलूख सोडून आलेला. आणि इराण, इराक, तुर्कस्तान येथून कोकणच्या बंदरांत उतरून घाट चढून गुलबर्गा किंवा बीदर गाठणारे जे सरदार, सौदागर, विद्वान आणि तिरंदाज पंधराव्या शतकात दख्खनेत आले, त्यांना याच शब्दाने, अथवा ‘आफाकी’, म्हणजे क्षितिजापलीकडचे, या अधिक डौलदार शब्दाने ओळखीत असत. खलफ हसन हा बसऱ्याचा सौदागर; त्याने संकटकाळी, पुढे बहमनी सुलतान झालेल्या अहमदशहाची पाठराखण केली आणि त्याच्या राज्यारोहणानंतर ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब मिळविला. महमूद गावान हा गिलानचा. तोही आला व्यापाराच्या निमित्ताने, आणि राहिला वजीर होऊन. असल्या धनाढ्य माणसांना लागलेला शब्द उतरत उतरत आपल्या भाषेत दोन वेळच्या अन्नाला महाग झालेल्या माणसाला कसा चिकटला, हे भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे. मला एवढेच वाटते की परमुलखात मनुष्याजवळ कितीही द्रव्य असले तरी तो एका अर्थाने निराधारच असतो, ही जाणीव त्या शब्दाच्या पोटात आधीपासून असली पाहिजे.

हे सर्व मला आठवले ते चिखलदऱ्याला, गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्यासमोर उभा असताना. परतवाड्याहून घाट चढून वर आले की हवा एकदम पालटते. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवरचा तो प्रखर, पांढरा प्रकाश मागे राहतो आणि सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या या पठारावर, विशेषतः श्रावण-भाद्रपदात, ढग रस्त्यावरून माणसांसारखे चालत जातात. गावापासून थोड्याच अंतरावर, सातपुड्याचा कणा जेथे दक्षिणेकडे मैदानावर तुटून पडतो त्या टोकावर, गाविलगड पसरलेला आहे. एक आतला किल्ला, त्याला उत्तर अंगाने झाकणारा एक बाहेरचा किल्ला, आणि त्याच्याही पुढे वाट अडवणारी तिसरी भिंत, अशी त्याची रचना. दक्षिणेला मात्र भिंतीचे काम कड्यानेच केले आहे. अहमदशहा वली बहमनी याने १४२५ साली तो बांधला, असे फिरिश्ता लिहितो. पण गवळी लोकांना हे मान्य नाही आणि त्यांच्या बाजूने खुद्द गडाचे नाव साक्ष देते. सुलतानाने येण्यापूर्वी येथे कुणाचा तरी गोठा, कुणाचे तरी कुंपण, कुणाची तरी मातीची गढी असणारच. कोरे डोंगर सुलतानांना इतिहासकारांच्या वहीतच सापडतात.

परंतु ज्या दरवाज्याविषयी मी लिहितो आहे तो अहमदशहाचा नव्हे. त्यावर हिजरी ८९३ चा, म्हणजे इसवी सन १४८८ च्या सुमाराचा लेख आहे, आणि ज्या पुरुषाच्या कारकीर्दीत गडाची ही पुनर्रचना झाली त्याचे नाव फत्हुल्ला इमाद-उल्-मुल्क. वऱ्हाडच्या इमादशाहीचा हा संस्थापक. या दरवाज्यावर दगडात कोरलेला पक्षी आहे दोन मुखांचा, पंख पसरलेला, चोचींत आणि पंजांत हत्ती धरलेला. त्याच्या जोडीला हत्तींवर मात करणारी सिंहाकृती श्वापदे आहेत. हा गंडभेरुंड होय. आजही कर्नाटक राज्याच्या मुद्रेवर तो आहे. कोल्हापूर-सोलापूरच्या स्थानकांवर उभ्या असणाऱ्या कर्नाटक परिवहनच्या गाड्यांवर आपण तो नित्य पाहतो आणि लक्षही देत नाही. शिमोगा जिल्ह्यातील बळ्ळिगावे येथे अकराव्या शतकातला त्याचा स्तंभ उभा आहे, आणि विजयनगरच्या अच्युतरायाने पुढे सोळाव्या शतकात त्याला आपल्या नाण्यांवर बसविले. म्हणजे पक्षी कानडी मुलखातला. मग सातपुड्याच्या या दूर टोकावर, एका मुसलमान सरदाराच्या दरवाज्यावर, तो येऊन बसला कसा?

उत्तर फत्हुल्लाच्या जन्मकथेत आहे. फिरिश्ता सांगतो की हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला हिंदू, कानडी कुळातला. लहानपणीच एका स्वारीत बहमनी फौजेच्या हाती कैद होऊन वऱ्हाडात आला, तेथील सुभेदार खानजहान याच्या पदरी खास पथकात वाढला, इस्लाम धर्मात गेला, आणि आपल्या अंगच्या गुणांवर चढत चढत महमूद गावानच्या अमदानीत वऱ्हाडचा तरफदार, म्हणजे प्रांताचा अधिपती, झाला. आपल्याकडे मुलाला दत्तक दिले तरी आई महिनाभर जेवत नाही. येथे तर एक पोरगे तुंगभद्रेच्या अंगाने उचलून तापी-पूर्णेच्या खोऱ्यात आणून टाकलेले, भाषा वेगळी, धर्म नवा, नावही दुसऱ्याने ठेवलेले. त्याच्या मूळ नावाची नोंद कोठे नाही. बीदरच्या दरबारी गणनेप्रमाणे तो आफाकी नव्हता. ‘दख्खनी’, म्हणजे देशी, पक्षाच्या माणसांत त्याला मोजीत. पण वऱ्हाडच्या मातीला तो परकाच होता, आणि मला तर वाटते की स्वतःच्या खुषीने समुद्र ओलांडून आलेल्या गावानपेक्षा हा दोरखंडाने आणलेला मुलगा खऱ्या अर्थाने ‘गरीब’ होता.

आता त्या १४८८ च्या सालाकडे पाहावे. महमूद गावानने सल्तनतीचा कारभार सुधारताना दोन गोष्टी केल्या होत्या, आणि दोन्ही तरफदारांच्या जिव्हारी लागणाऱ्या होत्या. एक तर त्याने चार तरफांच्या आठ केल्या. त्यात वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन तुकडे पडले, गाविल फत्हुल्लाकडे राहिले आणि माहूर खुदावंदखान हबशाकडे गेले. दुसरे म्हणजे त्याने असा दंडक घातला की तरफदाराच्या हाताखाली त्याच्या मुलखातला एकच किल्ला असावा. बाकीच्या किल्ल्यांवर किल्लेदार व शिबंदी नेमण्याचा अधिकार खुद्द सुलतानाचा. या व्यवस्थेतले शहाणपण उघड आहे. डोंगरी किल्ला हातात असला की मनुष्याला फर्मानांची भीती वाटेनाशी होते. पण १४८१ साली दख्खनी पक्षाच्या कारस्थानाने, बनावट पत्राच्या आधारे, गावानचा शिरच्छेद झाला, आणि त्या दिवसापासून सल्तनतीची वीण उसवत गेली. फत्हुल्ला आणि खुदावंदखान सुलतानाच्या छावणीपासून दूर राहू लागले. त्यानंतर सहा-सात वर्षांत नरनाळा या वऱ्हाडातल्याच दुसऱ्या डोंगरी किल्ल्याचा महाकाली दरवाजा उभा राहिला आणि गाविलगडचे हे काम झाले. एक किल्ला बाळगण्याची परवानगी असलेल्या तरफदाराने दोन किल्ले दुरुस्त केले. सरकारी भाषेत दुरुस्ती हा फार निरुपद्रवी शब्द आहे. फत्हुल्लाने स्वतःच्या नावाने वऱ्हाडात राज्य सुरू केले ते १४९० मध्ये; पण ज्याला दगड वाचता येतात त्याला ते दोन वर्षे आधीच कळले असते.

नरनाळ्याचा महाकाली दरवाजा अधिक नाजूक, अधिक दरबारी आहे. अरबी लेखांच्या पट्ट्या, कमळे, जाळीदार सज्जे, सगळे कसे सुलतानाला दाखवता येईल असे, आणि त्याच्या लेखात बहमनी महमूदशहाचे नावही अदबीने घेतलेले. गाविलगडचा दरवाजा तसा नाही. येथे सौंदर्यापेक्षा हेतू जास्त आहे. माझा तर्क असा की नरनाळा हे त्याचे निवेदन होते आणि गाविलगड हे स्वगत. परंतु स्वगतात तो नेमके काय म्हणतो आहे, यावर अभ्यासकांनी पुष्कळ काथ्याकूट केला आहे. हत्ती म्हणजे पराभूत शत्रू, एवढे सर्वांना मान्य. पण शत्रू कोण? कोणी म्हणतात, विजयनगर. म्हणजे आपल्याला जन्म देऊन गमावणाऱ्या राज्याचे चिन्ह त्याने विजयचिन्ह म्हणून लावले. कोणी म्हणतात, हे उलट जन्मभूमीचे स्मरण. मला हे दोन अर्थ एकमेकांचे शत्रू वाटत नाहीत. बालपणी देवळाच्या खांबावर किंवा एखाद्या निशाणावर पाहिलेली आकृती माणसाच्या डोक्यात राहते ती अर्थाशिवाय. अर्थ तो मागाहून, सत्ता हाती आल्यावर, लावतो. वृद्धापकाळाकडे झुकलेल्या त्या माणसाने पाथरवटाला बोलावून, असा एक पक्षी असतो, त्याला दोन माना असतात, असे हातवारे करून समजावले असेल की तो पाथरवटच दक्षिणेतून आणविलेला होता, हे चित्र मी मनाशी पुष्कळदा रंगवून पाहिले आहे. दोन्हीही मनोरम आहेत.

याच्याशी ताडून पाहावी अशी एक गोष्ट शेजारच्या अहमदनगरात घडत होती. निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हाही जन्माने हिंदू, परभणीजवळच्या पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या कुळातला, आणि गंमत अशी की तो विजयनगरकडे गेला असताना बहमनी फौजेच्या हाती लागला. फत्हुल्ला विजयनगरचा, वाढला वऱ्हाडात. मलिक हसन मराठवाड्याचा, पकडला गेला विजयनगरला. दैवाने दोन पोरांची जणू अदलाबदल केली. पुढे मलिक हसनच्या वंशजांना आपले पाथरी गाव परत हवेसे झाले. ते पडले इमादशाहीच्या हद्दीत. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबाराने त्याच्या बदल्यात दुसरा परगणा देऊ केला, अलाउद्दीन इमादशहाने नकार दिला, आणि १५१८ मध्ये निजामशाही फौजेने पाथरी घेतली. त्या एका गावापायी दोन्ही घराण्यांत कित्येक वर्षे तेढ राहिली. इतिहासाच्या पुस्तकात हा सरहद्दीचा तंटा म्हणून दोन ओळींत संपतो. पण दोन-तीन पिढ्या उलटूनही ज्यांना आपल्या आजा-पणजाचे गाव नकाशावर बोट ठेवून दाखविता येत होते त्यांनी फौज पाठविली. आणि ज्याचे गाव तुंगभद्रेपलीकडे कायमचे हरपले होते, त्याने दरवाज्यावर पक्षी बसविला.

अशा माणसाचे घर एका शैलीचे असूच शकत नाही. गडाच्या दक्षिणेकडील उंच जागी मोठी मशीद आहे. सात कमानींचे दर्शनी अंग, मागे घुमटांच्या रांगा, त्यांतली शेवटची कोसळलेली. कोपऱ्यावर चौकोनी छत्री, तिला दगडी जाळ्या आणि नक्षीदार छज्जा, आणि दर्शनी भागावर एकेकाळी बसविलेल्या निळ्या चिनी फरश्यांचे अवशेष. घुमट पठाणी, निळाई इराणी, छज्ज्याखालचे घोडे, म्हणजे छज्जा पेलणारे दगड, मात्र कुठल्याही यादवकालीन देवळातून उचलून आणल्यासारखे. दरवाज्यावर कानडी पक्षी आणि आत ही मशीद. शुद्ध शैलीचा आग्रह धरणाऱ्या रसिकांना असली भेसळ खपत नाही. इंग्रज पाहणाऱ्यांनीही तिची स्तुती हात राखूनच केली. मला वाटते, शैलीची शुद्धता ही घरच्या माणसाची चैन आहे. परक्या मुलखात घर बांधणाऱ्याला ती परवडत नाही. त्याला जन्मगावचे एक, मालकाच्या दरबारचे एक आणि हाताशी असलेल्या कारागिराच्या सवयीचे एक, अशी तीन घरे एकाच भिंतीत बांधावी लागतात.

हा न्याय केवळ आपल्याकडचा नव्हे. पोर्तुगालात लिस्बनजवळ सिंत्राच्या डोंगरात मोंसेराते नावाचा वाडा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी ती जागा काएतानो द मेलो इ कास्त्रो याने घेतली. हा गोव्यात पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय राहिलेला मनुष्य. पुढे दीडशे वर्षांनी फ्रान्सिस कूक या गडगंज इंग्रज कापड-व्यापाऱ्याने तेथे जो वाडा बांधविला त्यात गॉथिक कमानी, मूर घुमट आणि हिंदुस्थानी घडणीच्या जाळ्या एकत्र नांदतात, आणि पोर्तुगीज राजाने त्याला मोंसेरातेचा व्हायकाउंट केले. लंडनच्या दुकानदाराने पोर्तुगीज डोंगरात हिंदुस्थान उभा केला. इकडे विजयनगरच्या कैदी मुलाने सातपुड्यात विजयनगरचा पक्षी बसविला. फरक एवढाच, आणि तो थोडा नव्हे, की कूकने हौस म्हणून जे केले ते फत्हुल्लाने तोफांच्या टप्प्यात उभे राहून केले.

फत्हुल्ला १५०४ मध्ये वारला. त्याच्या वंशाची राजधानी खाली अचलपुरास, पण भरवसा वर गाविलगडावर आणि नरनाळ्यावर; आणि शेवटही तसाच झाला. चौथा सुलतान बुऱ्हाण इमादशहा यास त्याच्याच वजिराने, तुफालखानाने, नरनाळ्यावर कैदेत ठेवले आणि १५७४ साली अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने राजा, वजीर आणि राज्य तिन्ही एकदम गिळले. म्हणजे पाथरीकरांनी अखेर सगळेच घेतले. निजामशाहीने गडाच्या पश्चिमेस बहराम बुरूज बांधून १५७७ चा लेख कोरला. मग अकबराच्या फौजा आल्या. आइन-इ-अकबरीत गाविलच्या सरकारची नोंद आहे आणि तीत एक गमतीचा तपशील असा की गडावर एक झरा असून त्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात. हा झरा मी पुष्कळ शोधला. गडावर तळी आहेत, त्यांत शेवाळ आहे, म्हशी आहेत. तलवारीला धार यावी असे पाणी मला दिसले नाही.

मोगलांनंतर निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्यात वऱ्हाडचा महसूल वाटला गेला आणि गड भोसल्यांकडे आला. १८०३ च्या डिसेंबरचा वेढा हा गाविलगडच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग, आणि तो प्रसिद्ध होण्याचे कारण गाविलगड नसून सेनापती आर्थर वेलस्ली आहे, जो पुढे वेलिंग्टन होऊन वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. असईची लढाई सप्टेंबरात, अडगावची २९ नोव्हेंबरला. त्यानंतर दुसऱ्या रघूजी भोसल्यांची उरलीसुरली पायदळ पलटणे गडात शिरली. वेलस्ली दक्षिणेकडे, कड्याच्या पायथ्याशी राहिला, कारण तेथून दिसायला भव्य आणि करायला काही नाही. खरे काम कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने केले. तिने अवजड तोफा डोंगरातून, सुमारे तीस मैलांची वाट हातांनी तोडत, उत्तरेकडील पठारावर आणल्या, जेथे इंग्रजी कागदांत ‘लबाडा’ असे नाव पडलेले एक गाव होते. १२ तारखेच्या रात्री मोर्चे बांधले, १४ पर्यंत भिंतीला भगदाड पडले, आणि १५ डिसेंबरच्या सकाळी हल्ला झाला. बाहेरचा किल्ला पडला. आतल्याला भगदाड नव्हते, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून भिंतीवर चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग आणि त्याचे रजपूत दरवाज्याजवळच, प्रेतांच्या राशीत सापडले. हाही पुन्हा उत्तरेकडून आलेला परका, आणि गडासाठी मेला तो त्या गडावर ज्याचा जन्म नव्हता असाच मनुष्य. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. त्यात वऱ्हाड गेले, पण गाविलगड आणि नरनाळा, खालच्या चार लाख उत्पन्नाच्या मुलखासह, भोसल्यांनाच परत मिळाले. ते सुख वीस वर्षेही टिकले नाही. १८२२ च्या तहाने गड निजामाकडे गेला.

आणि १८२३ साली, असे सांगतात, निजामाच्या हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या गोऱ्या अंमलदाराला चिखलदऱ्याचे पठार ‘सापडले’. कीचकाचा वध करून भीमाने त्याला ज्या दरीत लोटले ती कीचकदरा, आणि भीमाने हात धुतले ते भीमकुंड, अशी कथा ज्या लोकांच्या तोंडी पिढ्यान्पिढ्या होती, कोरकू आणि गवळी ज्या पठारावर गुरे चारीत होते, ते पठार सापडले. इंग्रजांनी तेथे बंगले बांधले, कॉफी लावली, कड्यांना हरिकेन पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट अशी नावे दिली. त्यांची घरे मी निरखून पाहिली. उतरती छपरे, धुराडी, व्हरांडे, दारापुढे फुलांचे वाफे. सगळे नीटनेटके, एका वळणाचे. त्यांत चिखलदऱ्याचे काही नाही आणि वऱ्हाडचेही काही नाही. फत्हुल्लासारखा त्यांना येथे मरायचा विचार नव्हता, हे त्या घरांवरून लगेच कळते. उन्हाळा संपला की ते पेट्या भरून खाली उतरत. कॉफी मात्र राहिली; महाराष्ट्रात ती पिकते ती याच भागात, आणि बाजारात मिळते तीही बरी लागते, जरी मोथ्याच्या गवळ्यांचा खवा आणि येथली रबडी यांच्यापुढे तिचा टिकाव लागणे कठीण आहे.

गडाखालचे रान आता मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पात मोडते. प्रकल्प १९७४ मधला. किल्ला पुरातत्त्व खात्याचा, अरण्य वनखात्याचा, पायवाटा म्हशींच्या. मशिदीच्या पडलेल्या घुमटांच्या जागी आता आकाश आहे आणि पावसाळ्यात तेथे गुडघाभर गवत माजते. दरवाज्याला ‘दिल्ली’ हे नाव फत्हुल्लाने दिले असेल असे मला वाटत नाही. त्याच्या हयातीत दिल्लीचे वऱ्हाडात काही चालत नव्हते, आणि ज्याने इतका विचार करून पक्षी कोरविला त्याने नावाची अशी उसनवारी केली नसती. नावे मागाहून आलेल्यांनी ठेवली, जशी त्याचेही ठेवले होते.

मी शेवटचा गेलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. अमरावतीकडच्या कुठल्याशा शाळेची सहल आली होती आणि गुरुजी आत मशिदीकडे पुढे गेले होते. दोन मुले मात्र दरवाज्यापाशीच रेंगाळली होती. पक्ष्याने किती हत्ती धरले आहेत यावर त्यांचा वाद चालला होता. दगडावर शेवाळाचे हिरवे-काळे थर चढले होते आणि खालच्या बाजूचा एक आकार हत्तीचा की नुसत्या ओलीचा, हे खरोखरच सांगता येत नव्हते. मला त्यांनी पंच नेमले. मी चष्मा पुसून दोनदा मोजले, आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.